दीपगृहावरच्या फोटोची ताटली

फोटोसाठी उन्हाकडे पाठ करून उभं राहिलात, तरी फोटोत तुमचा चेहरा उजळ कसा आला, असा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय का?

नसेल पडला. फोटो हातात आला की माणसं आधी स्वतःचं पोट बघतात, मग आपले डोळे मिटलेत का ते बघतात, आणि शेजारच्याचे मिटलेले असले तर मनातून खूश होतात. उजेड कुठून आला याचा विचार कोण करतो! म्हणून मीच सांगते. तो उजेड माझा असतो. मी ताटली बोलतेय. जेवायची नव्हे हं, फोटोवाल्यांची.

पोलादी पट्टीचं एक मोठं कडं आणि त्यावर ताणून शिवलेलं कापड, एवढाच माझा देह. एका अंगाने मी चंदेरी, दुसऱ्या अंगाने पांढरी. कुणीतरी मला उन्हासमोर धरायचं. ऊन माझ्यावर आपटतं आणि उलटून माणसाच्या तोंडावर जाऊन पडतं. डोळ्यांखालची काळी वर्तुळं, हनुवटीखालची सावली, सगळं निवळतं. माझ्या पिशवीवर 'रिफ्लेक्टर' असं छापलंय, पण त्या नावाने मला आजवर कुणी हाक मारलेली नाही.

माझा जन्म शिवणयंत्रांच्या एका लांबलचक शेडमध्ये झाला. एका बाईने माझं कडं मांडीवर धरून कापड शिवलं, दोरा दाताने तोडला आणि मला दोन्ही हातांनी असा काही पीळ दिला की मी लहान लहान वेढ्यांत गोळा होऊन पिशवीत जाऊन बसले. हा पीळ ज्याला जमतो त्याला पहिल्या झटक्यात जमतो. ज्याला जमत नाही तो माझ्याशी कुस्ती खेळतो, घामाघूम होतो आणि शेवटी मला तशीच उघडी गाडीच्या टपावर बांधतो.

माझा पहिला मालक लग्नाचे फोटो काढायचा. त्याच्याकडे मी काय काय नाही केलं! उजेड टाकला तो टाकलाच, शिवाय मंडपात मला पंख्यासारखं हलवून घेतलं, भातावर झाकण म्हणून ठेवलं, एकदा एका पाहुण्याने मला अंगाखाली घेऊन दुपारची झोपही काढली. पुढे मालकाने बॅटरीवरचा दिवा घेतला. बटण दाबलं की उजेड. मग मला कोण विचारतो? मी कपाटामागे गेले आणि तिथेच राहिले. कपाटामागे काही दिसत नाही. नुसतं ऐकू येतं. ऐकायची सवय मला तिथेच लागली.

त्याने धंदा बंद केला तेव्हा त्याचा कॅमेरा एका बाईंनी घेतला, आणि वर मी फुकट आले. त्याचं मला वाईट वाटलं नाही. पडून राहण्यापेक्षा फुकट जाणं बरं.

ह्याच माझ्या आताच्या मालकीणबाई. त्यांचं दुकान समुद्राकाठच्या रस्त्यावर आहे आणि दुकानाच्या दारातून ते दीपगृह दिसतं. तुम्ही त्याला पाहिलं असणारच. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं, खडकाच्या टोकावर एकटं उभं असलेलं. कॅलेंडरवर असतं, बिस्किटांच्या डब्यावर असतं. लांबलांबून माणसं येतात, त्याच्यासमोर उभी राहतात, आणि फोटोत स्वतःसोबत पन्नास अनोळखी लोक घेऊन घरी जातात. दिवसभर तिथे एवढी गर्दी असते.

यावर मालकीणबाईंनी तोडगा काढला. दीपगृहाच्या व्यवस्थापकांकडून त्यांनी परवानगी मिळवली. सकाळी सगळ्यांसाठी फाटक उघडायच्या आधी रखवालदार त्यांना आत सोडतो, सोबत ठरवून आलेली एकच पार्टी. तासभर दीपगृह, समुद्र आणि दीपगृहासमोरचा दगडी ओटा तुमचा एकट्याचा. फोटो संध्याकाळी तयार. या सकाळच्या फोटोंवरच आमचं दुकान चालतं. म्हणून नियम कडक: एका वेळी एकच पार्टी. मागे एकदा दोन कुटुंबं फाटकात भांडली होती, तेव्हाच व्यवस्थापक म्हणाले होते, "पुन्हा असा तमाशा झाला तर परवानगी बंद."

आणि बॅटरीचा दिवा तिथे चालत नाही. त्या खडकावरच्या वाऱ्यात तो स्टँडसकट आडवा होतो. तिथे मीच लागते. एरवी मालकीणबाईंचे यजमान मला धरून उभे राहतात. बाकीचा वेळ मी दुकानात काउंटरमागच्या खिळ्याला टांगलेली असते, टेलिफोनच्या बरोबर वर.

त्या दिवशी दुपारी फोन वाजला. मालकीणबाई फोटो कापत होत्या, म्हणून त्यांनी स्पीकर चालू केला.

"ताई, गर्दी नसताना दीपगृहावर फोटो काढून देता त्या तुम्हीच ना?" एका बाईंचा आवाज होता, दबका.

"हो, मीच. बोला ना."

"मग उद्या सकाळचं आमचं धरा. पण फोटो माझा नाही हं, आमच्या ह्यांचा. आणि त्यांना आधी कळता कामा नये. कळलं तर लॉजमधून पाऊल बाहेर टाकायचे नाहीत."

"का हो? एवढं काय?"

त्या बाईंनी सांगितलं. त्यांचे यजमान छापखान्यात कागद कापायच्या यंत्रावर होते. लेकीच्या लग्नाच्या आदल्या वर्षी त्या यंत्रात त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. हात बरा झाला, ते पुन्हा कामावरही गेले.

"सगळं करतात हो. नारळ सोलतात, सायकल चालवतात. पण कॅमेरा दिसला की हात खिशात. नाहीतर माणूसच गायब. लेकीच्या लग्नाचा आल्बम बघा तुम्ही. त्यात आचारी आहे, मांडववाला आहे, कुणाचा कोण एक मिशीवाला आहे, तो तर चार ठिकाणी आहे. बाप नाही."

मालकीणबाईंची कात्री थांबली.

"लेक परवा फोनवर म्हणाली, आई, तुमचा दोघांचा एक तरी फोटो पाठव गं, माझ्याकडे एकही नाही. तेव्हापासून मला चैन नाही, ताई. उद्याचा दिवस आहोत इथे, परवा बस आहे. बघा काही जमतंय का. आणि तुम्ही उलटा फोन करू नका हं. मी खालच्या दुकानातून बोलतेय. आमचा फोन ह्यांच्याकडे असतो."

"करते काहीतरी. तुम्ही त्यांना फिरायच्या निमित्ताने फक्त फाटकापर्यंत आणा."

मालकीणबाईंनी फोन ठेवला आणि त्या भाजी आणायला बाजारात गेल्या. दुपारची झोप काढून त्यांच्या सासूबाई काउंटरवर येऊन बसल्या. सासूबाईंना टेलिफोनची भारी हौस. घंटा पुरती वाजायच्या आत त्या उचलतात.

"मावशी, एक फोटो काढायचा होता," यावेळी एक पुरुष बोलत होता, घाईघाईने. "दीपगृहावर, उद्याच सकाळी, नंतर आम्ही गावी जातोय. माझ्या बायकोचा."

"काढू की! तुम्ही दोघंच ना?"

"नाही नाही, तिचा एकटीचा. घरात कॅमेरा कायम तिच्याच हातात, म्हणून तीच कुठल्या फोटोत नाही. मी काही फोटोत येणार नाही. मी आपला पिशवी धरायला. आणि तिला सांगायचं नाहीये आधी. सांगितलं तर म्हणेल, कशाला खर्च."

"गुणी आहात हो! आमच्याकडच्यांना शिकवा जरा. मग उद्या सकाळी या, फाटक उघडायच्या आधी. धरलं मी तुमचं."

"आणि उलटा फोन नका करू. फोन असतो माझ्याकडे, पण उचलते तीच."

खिळ्यावरून मी दोन्ही फोन ऐकले. मला संशय आला, पण टांगलेल्या वस्तूने काय करावं? ऐकू सगळं येतं, बोलता काही येत नाही.

संध्याकाळी दुकानात सासूबाई मटार सोलता सोलता सहज म्हणाल्या, "अगं, उद्या सकाळची पार्टी घेतलीय मी. फार गोड माणूस आहे."

मालकीणबाईंच्या तोंडचं पाणीच पळालं. "आई! उद्याची मी दिलीय! दुपारीच दिली!"

"मग मला सांगायचं नाही का?"

"सांगायला तुम्ही जाग्या कुठे होतात?"

"झोपले होते तर उठवायचं! एरवी चहा ठेवायला बरी उठवतेस!"

थोडा वेळ दोघी तावातावाने बोलल्या, मग दोघी मटार सोलू लागल्या. फोन करावा तर दोघांनीही करू नका म्हणून बजावलेलं. दोन्ही पार्ट्या बाहेरगावच्या, दोघांनाही तेवढीच सकाळ. मालकीणबाई म्हणाल्या, "तुमच्या माणसाला नाही म्हणावं लागेल, आई. माझ्या बाईंच्या लेकीकडे बापाचा एक फोटो नाही हो. मी शब्द दिलाय."

"आणि माझ्या माणसाच्या बायकोचा एक नाही, त्याचं काय? मीही शब्दच दिलाय ना?" सासूबाईंनी मटाराची टोपली बाजूला सरकवली. "मी येते उद्या. फाटकात उभी राहून मीच हात जोडते. म्हाताऱ्या बाईवर कोण ओरडणार?"

त्यात मालकीणबाईंचे यजमान बोटीवर कामाला, आणि त्यांची पाळी नेमकी सकाळची लागली. म्हणजे मला धरायलाही कुणी नाही. मालकीणबाई त्या रात्री नीट जेवल्या नाहीत.

सकाळी आम्ही तिघी फाटकात पोचलो. मी पिशवीत, पिशवी सासूबाईंच्या खांद्याला, तिचं तोंड उघडं, म्हणून मला बाहेरचं दिसत होतं. वारा असा होता की रखवालदाराने टोपी काढून खिशातच ठेवली होती.

"एकच पार्टी ना, ताई?" त्याने विचारलं.

"एकच," मालकीणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मला ओळखीचा वाटला नाही.

चढावरून एक जोडपं वर येत होतं. बाई पुढे, पुरुष मागे, एक हात पँटच्या खिशात. दोघं हळू आवाजात भांडत होती.

"फिरायला म्हणून निघालो ना? मग एवढी चांगली साडी कशाला?"

"आणि तुम्ही दाढी कशाला केलीत पहाटे उठून?"

फाटकाशी आल्यावर ते गृहस्थ सासूबाईंना बघून पुढे झाले. "मावशी, कालचा फोन माझा."

त्याच क्षणी बाई मालकीणबाईंना म्हणाल्या, "ताई, मीच काल बोलले होते."

मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

मालकीणबाई अजून रस्त्याकडेच बघत होत्या. "हो, पण मग... दुसरी पार्टी कुठे राहिली?"

सासूबाईंना आधी उलगडलं. त्या रखवालदाराच्या स्टुलावर बसल्या आणि हसू लागल्या. हसता हसता त्यांना ठसका लागला, रखवालदाराने पाणी आणलं. "अगं, दुसरी पार्टी हीच! ह्याने हिचा फोटो ठरवलाय आणि हिने ह्याचा!"

मालकीणबाईंनी एवढा मोठा श्वास सोडला की मला पिशवीत ऐकू आला. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. कुणाला नाही म्हणायचं नव्हतं, फाटकात भांडण होणार नव्हतं, परवानगी जाणार नव्हती. त्यांनी सासूबाईंना तिथल्या तिथे मिठीच मारली.

पण खरी पंचाईत पुढेच होती. आम्ही ओट्यावर गेलो. मागे दीपगृह, खाली समुद्र, आणि चिटपाखरू नाही. आणि दोघांतलं एकही उभं राहीना.

"हिचा काढा," गृहस्थ म्हणाले. "मी पैसे तिच्या फोटोचे ठरवलेत."

"मी ह्यांच्यासाठी आलेय, ताई. माझं काय घेऊन बसलात?"

"अगं, हट्ट करू नकोस. लेकीला तुझा फोटो हवाय."

"तिला दोघांचा हवाय. तुम्हाला ठाऊक आहे ते."

गृहस्थांनी तोंड फिरवलं. समुद्राकडे बघत उभे राहिले. खिशातला हात त्यांनी आणखी खोल घातला, कापडावर मुठीचा उंचवटा दिसला. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी वाऱ्यावर ढकललं. वेळ जात होता. तासाभराने फाटक उघडणार, माणसांचा लोंढा येणार, आणि उद्या त्यांची बस.

शेवटी मालकीणबाई म्हणाल्या, "ठीक आहे, आधी ताईंचाच काढू. आई, ताटली धरता का जरा?"

सासूबाईंनी मला पिशवीतून काढलं. मी फट्‌कन उघडले, आणि वाऱ्याने मला शिडासारखं भरलं. सासूबाईंनी मला सोडलं नाही, हीच चूक झाली. त्या माझ्यासोबतच निघाल्या, ओट्याच्या कडेकडे. "अगं बाई, मी उडाले तर तेवढा फोटो काढ!" असं त्या ओरडल्या. चप्पल घसरलीच होती.

गृहस्थ धावले. एका झेपेत त्यांनी माझं कडं पकडलं, दोन्ही हातांनी, आणि मध्ये उभे राहून सासूबाईंना आपल्या पाठीने अडवलं.

आजवर मला पुष्कळ हातांनी धरलंय. कुणी कंटाळून धरतं, कुणी हात दुखला म्हणून खाली सोडतं. तो डावा हात माझ्या कड्यावर बसला तो पक्का बसला. जिथे बोटं नव्हती तिथे तळवा घट्ट टेकला होता. कामाचा हात होता तो, वस्तू कशी धरायची हे विसरलेला नव्हता.

सासूबाई खाली बसल्या, सुखरूप. रखवालदार धावत आला आणि त्यांना आडोशाला घेऊन गेला. गृहस्थ मात्र मला धरून उभेच. सोडावं तर मी समुद्रात जाणार. तेवढ्यात त्यांचं लक्ष आपल्या हाताकडे गेलं.

"ताई, ही घ्या," ते म्हणाले. "लवकर घ्या."

मालकीणबाई पुढे आल्याच नाहीत. त्यांच्या हातात कॅमेरा होता आणि त्यांनी तो अजून डोळ्याला लावला नव्हता. त्या बाईंकडे बघत होत्या.

बाई जवळ आल्या. "सोडू नका," त्या म्हणाल्या.

"अगं, हात दिसतोय."

"दिसू दे. माझे दोन्ही दिसतायत, मी काही बोलले?"

"तुझं वेगळं."

"काय वेगळं? ह्याच हाताने काल रात्री माझ्या पायाला तेल चोळलंत. तेव्हा तो चांगला होता, आणि आता ताईंनी पाहिला तर वाईट झाला?"

"अगं, लोकांसमोर काय सांगतेस!" गृहस्थ लाजले. अगदी कानापर्यंत लाल झाले. मग त्यांनाच हसू आलं. बाईंनी शेजारी उभं राहून माझं कडं दुसऱ्या बाजूने धरलं. मी दोघांच्या मध्ये फडफडत होते.

"काढू का?" मालकीणबाईंनी विचारलं. त्यांनी त्या गृहस्थांनाच विचारलं.

त्यांनी बायकोकडे बघितलं. "लेकीला बघायचाय ना," असं काहीतरी ते स्वतःशीच म्हणाले आणि मग मोठ्याने म्हणाले, "काढा. पण मला हसा म्हणू नका, मला ते जमत नाही."

"हसताय की!" आडोशातून सासूबाई ओरडल्या.

त्या फोटोत मीही आहे. माझं काम मात्र साफ फसलेलं आहे. वाऱ्याने मी वाकडी झाले होते, आणि माझा उजेड दोघांच्या तोंडावर पडायचा तो मागे दीपगृहाच्या भिंतीवर पडलाय. तरी दोघांचे चेहरे स्वच्छ दिसतात. ते उन्हाकडे तोंड करूनच उभे होते. माझी गरजच नव्हती. आणि मला त्याचं इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

मग त्यांनी पुष्कळ फोटो काढून घेतले. बाईंचा एकटीचा, गृहस्थांचा एकट्याचा, सासूबाई आणि रखवालदार यांचाही एक. खिशात हात असलेलाही एक निघाला, सवयीने. पण फाटक उघडून पहिली माणसं आत आली तेव्हा त्या गृहस्थांनी मला पिळून पिशवीत घालून दिलं, पहिल्याच झटक्यात. यंत्रावर काम केलेल्या माणसाला वस्तूचं वळण कळतं.

हल्ली माझा चंदेरी रंग कडेने उडालाय. सासूबाईंनी एका जागी मला सुतळीने शिवलंय आणि तो टाका बराच जाडजूड आहे. आणखी किती दिवस मी कामी येईन ते सांगता येत नाही. पण एक मागणं आहे. तुमच्या घरातला जो माणूस फोटोच्या वेळी दरवेळी पाणी आणायला जातो, पिशव्या सांभाळतो, नाहीतर कॅमेरा स्वतःच्या हातात घेतो, त्याला एकदा हाताला धरून मध्ये आणा. तो नाही म्हणेल. जरा वेळ थांबा. नंतर येईल.

आणि हो, त्या फोटोच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते दोघं दुकानात आले, गृहस्थांनी स्वतः ताटलीवाला फोटो निवडला, लेकीसाठी त्याची एक जास्तीची प्रत करून घेतली, आणि ते बसने गावी गेले.